तुम्ही विचारलंत म्हणून : "अजून किती, काही म्हणाले का डॉक्टर?"

हा प्रश्न मला मोठ्या आवाजात कधीच कुणी विचारलेला नाही. विचारणारा आधी आईच्या खोलीच्या दाराकडे बघतो, मग आवाज उतरवतो. "डॉक्टर काय म्हणाले? म्हणजे... अजून किती?" दोन वर्षांत मी बरीच उत्तरं देऊन पाहिली. "बघू या." "चाललंय." आणि एकदा वैतागून, "तुमचं किती, ते सांगितलंय का कुणी?" (त्यांची नंतर माफी मागितली.) खरं उत्तर दारात उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

आई 76 वर्षांची. आजाराचं नाव मल्टिपल मायलोमा. अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी असतात, संसर्गाशी लढणारी प्रथिनं बनवणं हे त्यांचं काम. त्यातली एक बेफाम वाढत सुटते आणि एकाच बिनकामाच्या प्रथिनाचा रतीब घालत राहते. हाडं पोखरतात, रक्त कमी होतं, मूत्रपिंडं थकतात. आमच्याकडे सुरुवात पाठदुखीने झाली. वयाचं दुखणं समजून चार महिने मीच तिला वेदनाशामक गोळ्या देत होते. मायलोमात त्याच गोळ्या मूत्रपिंडांना आणखी इजा करू शकतात, हे मला फार उशिरा कळलं. या चार महिन्यांबद्दल मला कुणी विचारत नाही. मी मात्र रोज विचारते.

तर आकडा. निदानाच्या दिवशी डॉक्टरांनी तो सांगितला नाही, रात्री मीच शोधून काढला. मग आठवडाभर तो आईपासून लपवत हिंडले. आई निवृत्त गणितशिक्षिका. तिच्यापासून आकडा लपवणं किती जमणार? आठव्या दिवशी तिनेच विचारलं, "काय वाचलंस गं? किती?" मी सांगितलं.

"सरासरी की मध्यक?"

"मध्यक."

"म्हणजे निम्मे लोक त्याच्या पुढे जातात." मला हायसं वाटणार एवढ्यात तिने पुढचं वाक्य टाकलं, "आणि निम्मे अलीकडेच थांबतात. मी कुठल्या निम्म्यात, ते तुझ्या मोबाइलला कसं कळणार?"

आकड्याची आणखी एक गोम आहे, ती आम्हाला डॉक्टरांकडून कळली. तो आकडा बनतो तो आधी आजारी पडलेल्या लोकांवरून, त्यांना त्यावेळी मिळालेल्या औषधांवरून. आणि या आजाराची औषधं गेल्या पंचवीस वर्षांत फार बदलली. थॅलिडोमाइड हे औषध अर्भकांमध्ये व्यंगं निर्माण करतं म्हणून 1961 मध्ये बाजारातून मागे घ्यायची वेळ आली होती. तेच मायलोमावर काम करतं, हे 1999 मध्ये समोर आलं. आईची कॅप्सूल, लेनालिडोमाइड, त्याच घराण्यातली. म्हणून गरोदर भाचीला आम्ही त्या डब्याला हातही लावू देत नाही. हा सगळा इतिहास ऐकून आई म्हणाली, "म्हणजे शिक्षा भोगून आलेल्याला कामावर ठेवलंय."

आम्ही आता वर्षांत मोजत नाही, सायकलमध्ये मोजतो. एक सायकल 28 दिवसांची. 21 दिवस कॅप्सूल, 7 दिवस सुट्टी, आठवड्यातून एकदा पोटावर इंजेक्शन आणि त्याच दिवशी डेक्सा. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, स्टेरॉइड. त्या रात्री आई झोपत नाही. दोन वाजता कपाटं आवरते, मला उठवून जुन्या पावत्या टाकू का विचारते, साखर वर जाते, तोंड चालू राहतं. मला ती रात्र आवडते, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी ती पिळून काढल्यासारखी पडून असते आणि कुणी भेटायला आलं तर नेमकं तेच रूप बघून जातं. पायांना मुंग्या असतात, चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही. ताप 100.4 झाला की वाट बघायची नाही, वेळ कुठलीही असो, थेट रुग्णालय. एवढे नियम पाळण्यात बराचसा दिवस जातो आणि 'अजून किती' हा विचार बऱ्याचदा मागे पडतो. तो परत येतो रिपोर्टच्या दिवशी. एम प्रोटीन, म्हणजे तेच बिनकामाचं प्रथिन, 3.1 वरून 0.4 वर आलंय. लोक विचारतात, "म्हणजे गेला ना?" गेला नाही. दबलाय. परत डोकं वर काढेल असंच धरून चालायचं असतं. कधी, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

हा प्रश्न एकाच माणसाला विचारायचा हक्क आहे असं मला वाटतं, तो माझा भाऊ. तो लांब असतो. "मला एक अंदाज दे, म्हणजे रजा तेव्हासाठी राखून ठेवतो," म्हणाला. मी खूप चिडले. मग शांत झाल्यावर म्हटलं, रजा राखू नकोस, वापर. ती कपाटं आवरते तेव्हा ये. तो आला. दोघांनी रात्री अडीच वाजता पावत्या फाडल्या.

गेल्या महिन्यात आईने डॉक्टरांना विचारलं, "मी हे सगळं थांबवलं तर काय होईल?" मी तिथेच रडले. तिला थांबवायचं नव्हतं, थांबवता येतं का एवढंच बघायचं होतं. घरी येऊन तिने फाइलच्या मागच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: श्वासाचं यंत्र नको, वेदना राहू देऊ नका, निर्णय मुलीने घ्यावा. खाली तारीख आणि सही. पेपर तपासून गुण द्यावेत इतक्या सहज.

आणि हो, मोतीबिंदू. स्टेरॉइडने तो लवकर पिकला. ऑपरेशन करावं का, या प्रश्नाच्या पोटात पुन्हा तुमचाच प्रश्न दडलेला होता आणि या वेळी तो माझ्याच मनात आला, याची मला लाज वाटली. आईने विचारलं एवढंच, की सुट्टीच्या आठवड्यात बसेल का. दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून, रक्ताचे आकडे बघून होकार दिला. उजवा डोळा झाला. शब्दकोड्यातली बारीक अक्षरं दिसायला लागली म्हणून ती माझ्या जुन्या उत्तरांतल्या चुका काढत बसली आहे.

डाव्या डोळ्यासाठी दोन सायकलनंतरची तारीख घेतली आहे.