कुणाचे पैसे खाल्ले?

"मॅम, पण त्याने कुणाचे पैसे खाल्ले?"

बँकेतले संशयास्पद व्यवहार ओळखायला मी ज्यांना शिकवते, त्या नव्या बॅचमधल्या मुलीने विचारलं, अगदी सरळ मनाने. मी ठरलेलं उत्तर दिलं: पैसे कुणाचे हे आपण ठरवत नाही, ते कसे फिरतात एवढंच बघतो. तिने ते वहीत उतरवूनही घेतलं. शिफ्ट संपली, कॅब विटाव्याच्या पुलाखाली नेहमीसारखी रखडली, घरी येऊन दूध तापवलं, आंघोळ झाली, आणि तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. झोपायचं सोडून लिहीत बसलेय.

केस स्पिट्झरची होती. ट्रेनिंगला ती असतेच. एलियट स्पिट्झर, न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर, साल 2008. स्लाइडवर त्याचा सगळा जन्म चार ओळींत बसवलाय. खात्यातून पैसे तुकड्यातुकड्यांनी गेले, नक्की धंदा काय ते कळत नाही अशा एका कंपनीकडे गेले, बँकेला खटकलं, बँकेने वर कळवलं. तपास करणाऱ्यांना आधी वाटलं, लाचेबिचेची भानगड असणार. धागा ओढत गेले तर दुसऱ्या टोकाला वेश्याव्यवसायाचं महागडं दुकान निघालं. 13 फेब्रुवारीच्या रात्री वॉशिंग्टनचं मेफ्लॉवर हॉटेल, कागदपत्रात नाव 'क्लायंट ९'. 10 मार्चला न्यूयॉर्क टाइम्सने बातमी फोडली, 12 तारखेला राजीनामा जाहीर, 17 ला खुर्ची रिकामी. आमच्या धंद्यात हिला यशोगाथा म्हणतात. सिस्टिम चालते, हे बघा, आता पुढची स्लाइड.

'क्लायंट ९'ला मुलं दर वेळी हसतात. हसू देत, रात्री दोन वाजता जागं राहायला काहीतरी लागतंच.

पण कुणाचे पैसे खाल्ले? कुणाचेच नाहीत. बाप न्यूयॉर्कमधला बडा बिल्डर, घरात पैसा मुबलक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारी वकिलांनी जाहीर केलं की आरोप ठेवणार नाही, सरकारचा किंवा प्रचाराचा पैसा यात वापरल्याचा पुरावा नाही. म्हणजे त्या पोरीचा प्रश्न बरोबर आहे. बायकोचा विश्वासघात केला, तो त्यांच्या घरातला मामला. कायदा मोडला, त्याची किंमत खुर्चीने मोजली. मग इतक्या वर्षांनी ऐरोलीतल्या एका बाईला कशाला काही टोचावं? माझं त्याने काय खाल्लं?

स्लाइडवर जे नाही ते मला माहीत आहे, हीच अडचण आहे. गव्हर्नर व्हायच्या आधी, 1999 पासून आठ वर्षं, हा माणूस राज्याचा अॅटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील होता. मेरिल लिंच या शेअरच्या धंद्यातल्या बड्या कंपनीचे विश्लेषक जे शेअर लोकांना घ्या घ्या म्हणत होते, त्यांनाच आपसातल्या ईमेलमध्ये नावं ठेवत होते. त्याने ते ईमेलच बाहेर काढले. 1921 चा एक धूळ खात पडलेला राज्याचा कायदा हुडकला आणि त्याच्या जोरावर 2002 मध्ये मेरिलला 10 कोटी डॉलर भरायला लावले. पुढच्या वर्षी दहा मोठ्या कंपन्यांबरोबर तडजोड झाली, सगळी मिळून सुमारे 140 कोटी डॉलरची. त्यात इतर नियामकही होते, पण पहिला दगड याचा. मग म्युच्युअल फंडवाले. दुपारी चारला बाजार बंद झाल्यावर काही बड्या गिऱ्हाइकांना मागच्या दाराने त्याच दिवसाच्या भावात सौदे करू देत होते, म्हणजे निकाल लागल्यावर पैज लावायची मुभा. तेही यानेच उघडं पाडलं.

मी तेव्हा नोकरीत नवी होते. दिवसभर कुणाच्या तरी खात्यातले आकडे बघून 'क्लोज्ड, नो कन्सर्न' म्हणजे काही संशय नाही असं लिहायचं, हे काम काय सांगायचं लोकांना? घरी सांगितलं होतं बँकेत आहे, आणि आई सगळ्यांना सांगायच्या, सून कॅशियर आहे. त्या ईमेलची हकीकत वाचली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हिशोबाचे कागद नीट वाचणाऱ्या माणसाला पण काही वजन असतं. तो काही माझा देव नव्हता. एरवीही तापट, उद्धट, समोरच्याला चिरडून टाकीन म्हणणारा. गव्हर्नर झाल्यावर तर पहिल्या वर्षातच विरोधी नेत्यामागे पोलिसांच्या नोंदी लावल्याच्या प्रकरणात अडकला. पण कागद वाचायचा बघा.

आणि इथेच मला राग येतो. ज्याने कागदावरून माणसं पकडली, त्याने स्वतःचे पैसे तुकडे करून पाठवावेत? त्यावर आपलं नाव दिसू नये म्हणून खटपट करावी, अशाही बातम्या तेव्हा होत्या. आपल्याकडे पॅन द्यावा लागू नये म्हणून रोख ४९ हजार भरणारी माणसं काय कमी पाहिलीत? एक तर आमच्या घरातच आहे, नाव लिहीत नाही. पण त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं ५० हजारांच्या खाली गेलं की कुणाला कळत नाही. याला तर माहीत होतं! खाली राहायची धडपडच आधी नजरेत भरते, हे पहिल्या आठवड्यात आम्ही शिकवतो. शिवाय वेश्याव्यवसायाच्या अशा धंद्यांवर त्याने स्वतः खटले भरले होते, आणि 2007 मध्ये गिऱ्हाइकाची शिक्षा वाढवणाऱ्या कायद्यावर गव्हर्नर म्हणून सही पण केली होती.

तर मला बायकोच्या विश्वासघातापेक्षा त्या तुकड्यांचा राग जास्त आला. हे लिहून बघितलं तरी विचित्र दिसतंय. दोन वेळा पत्रकारांसमोर ती त्याच्या शेजारी उभी राहिली, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेली बाई, त्याच्या राजकारणासाठी स्वतःचं काम बाजूला ठेवलेली. फोटो स्लाइडवर आहे. बघून मुली चुकचुकतात आणि मी मात्र व्यवहाराच्या तारखा सांगत असते. मागे एकदा हा लॅपटॉप उघडा राहिला होता तेव्हा आईंनी तो फोटो बघून विचारलं होतं, "ही कशाला गं उभी राहिली शेजारी?" मी म्हटलं, तिकडे तशी पद्धत असते. आई म्हणाल्या, "तिकडे?" आणि लसूण सोलायला लागल्या. त्यावर मी काही बोलले नाही, आताही बोलत नाही.

परत तेच. काय खाल्लं?

तारखा लावून बघितल्या की पोटात तुटतं. 14 फेब्रुवारीला, म्हणजे हॉटेलच्या दुसऱ्याच दिवशी, तो वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या समितीसमोर रोख्यांचा विमा करणाऱ्या कंपन्या कशा डगमगतायत ते सांगत होता. त्याच दिवशी वॉशिंग्टन पोस्टमध्ये त्याचा लेख होता, की घरकर्ज गळ्यात मारणाऱ्यांना राज्यं आवरू बघत होती आणि केंद्र सरकारने राज्यांचेच हात बांधले. महिन्याभरात तो गेला. त्याची बातमी फुटली तेव्हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात लोकांनी आनंद साजरा केला. 16 मार्चला, त्याच आठवड्याच्या शेवटी, बेअर स्टर्न्स ही बडी बँक दोन डॉलरला एक शेअर या भावाने विकायची पाळी आली, आणि सप्टेंबरात लेहमन ही दुसरी बँक बुडाली. तो असता तर वाचलं असतं असं मी म्हणत नाही, एकटा माणूस काय करणार होता. याला ठरवून अडकवलं म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. अलर्ट, म्हणजे व्यवहार खटकल्याची सिस्टिमची सूचना, ठरवून येत नाही, कुणीतरी जांभया देत तो उघडतो आणि त्याला काहीतरी जुळत नाही असं वाटतं, बस. पण त्या आनंदाने मात्र मला झोपू दिलं नाहीये. ते काही चारित्र्य जिंकलं म्हणून खूश नव्हते. हिशोब मागणारा गेला म्हणून खूश होते.

तो आवाज मी ऐकलाय, आमच्याच क्लबहाउसमध्ये.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं सगळ्यांना ठाऊक आहे, परत कशाला लिहू. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात कुणाबरोबर तरी दिसले, कुणी फोटो काढला, ग्रुपवर कसा आला, पुरे. काकूंना बघितलं की मी अजून लिफ्ट सोडून जिन्याने जाते. पण त्याच्या आधी दोन वर्षं पुनर्विकासाच्या ७९अ नियमाप्रमाणे सभा घ्या, टेंडर नीट काढा, पीएमसीला, म्हणजे प्रकल्पाच्या सल्लागाराला, कशाचे पैसे दिले ते दाखवा, बिल्डरकडून मिळायच्या कॉर्पस रकमेचा आकडा लेखी द्या, हे बोलणारे तेवढेच होते. सभेत ते उठले की अर्धे लोक घड्याळ बघायचे. येऊर झाल्यानंतरच्या पहिल्या सभेला ते आले नाहीत. पीएमसीचं बिल आलं, सेक्रेटरींनी विचारलं कुणाला काही विचारायचंय का, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "विचारणारे येऊरला गेलेत." काय हसले सगळे! बिल दोन मिनिटांत मंजूर. बिलातला एकही आकडा काकांच्या त्या उद्योगामुळे खरा किंवा खोटा झाला नव्हता.

म्हणजे खाल्लं ते हे. आता विचारायला उठणाऱ्याला आधी स्वतःच्या चड्डीचा हिशोब द्यावा लागतो. स्पिट्झरने तिकडे केलं, काकांनी इकडे, आणि भरतोय कोण?

मीच. घरात वाईट कोण, तर मी. दिराला दिलेले पैसे परत कधी येणार हे विचारणारी मी. क्लासची फी भरली तर पावती कुठे आहे, ही मी. ऑफिसात अलर्ट बंद न करता पुढे पाठवला की बडी गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या रिलेशनशिपवाल्यांची तोंडं वाकडी होतात, तिथेही मी. रात्र रात्र जागून दुसऱ्यांच्या पैशांकडे बघायचं आणि सकाळी घरात शिरलं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'आली तपासनीस'. चाळिशी उलटली, पाठ धरलीये, आणि माझ्या आयुष्याची कमाई काय, तर लोक मला बघून पावत्या लपवतात.

...हे वाचून आता हसू येतंय. चड्डीपर्यंत पोचले मी.

सासरे अजून ठाण्याचे जुने महापालिका आयुक्त चंद्रशेखर साहेबांचं नाव काढतात. त्यांनी ठाण्याचे रस्ते कसे रुंद केले, कुणाचं ऐकलं नाही, असा एक तरी माणूस परत पाहिजे. पाहिजे ना. प्रत्येकाला असा एक माणूस पाहिजे असतो जो आपल्या वतीने भांडेल, आणि स्वतः संत असेल, आणि आपलं वाढीव बांधकाम सोडून इतरांचं पाडेल. न्यूयॉर्कच्या लोकांनी स्पिट्झरला 2006 मध्ये सुमारे 69 टक्के मतं दिली होती. पहिल्या दिवसापासून सगळं बदलेल, असं तो सांगत होता. मग त्याच्या जागी आलेल्या पॅटरसनने काय केलं, तर शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन पत्रकारांसमोर बसला आणि सांगून टाकलं की आमची दोघांचीही लग्नाबाहेर प्रकरणं झालीयेत. लोकांनी ऐकलं, आणि तो मुदत संपेपर्यंत राहिला. आधीच सांगून मोकळा. आईंना ही गोष्ट सांगायला पाहिजे, त्यांना फार आवडेल.

आणि स्पिट्झर 2013 मध्ये परत निवडणुकीला उभा राहिला. कशासाठी, तर शहराच्या कंप्ट्रोलरपदासाठी. हिशोब तपासायची जागा! मला तेव्हा इतकं हसू आलं होतं. पक्षातच हरला, पण थोडक्यात, 48 टक्के मतं होती. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांना वाटलं की माणूस कसा का असेना, कागद वाचता येतात ना, मग बसवा. त्या पोरीला सोमवारी हे सांगेन. परीक्षेला येणार नाही, पण सांगेन.

साडेदहाला सभा आहे. पीएमसीचं दुसरं बिल येणार आहे असं ऐकलंय आणि काकांची जुनी फाइल काकूंनी परवा निमूट माझ्या हातात दिली. मी विचारणार आहे म्हटल्यावर हा म्हणाला, "कशाला पडतेस त्यात, उद्या तुझ्याबद्दल काहीतरी काढतील." काय काढतील? ही बाई पहाटे अनोळखी गाडीतून उतरते, हे तर वॉचमनच्या रजिस्टरला रोज लिहिलेलं असतं, गाडीच्या नंबरासकट. दुसरं म्हणजे साड्यांच्या किमती. त्या मी ह्याला नेहमी तुकड्यातुकड्यांनी सांगते.