एकच घ्यायची तर कुठली?

"एकच मोटारसायकल घ्यायची आहे. रोजच्या फिरतीला हलकी शंभर सीसी घेऊ, की एकदाच काय ती मोठी टूरिंग?" साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या चहापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हा प्रश्न मला कुठेही गाठतो. विचारणारे बहुतेक पंचविशीतले, नुकते कमावते झालेले. मलाच विचारतात, कारण दोन्ही गाड्या चालवताना त्यांनी मला पाहिलंय. मी गुरांचा डॉक्टर. सज्जनगडाच्या पायथ्याशी परळी खोऱ्यात गावोगाव फिरून गाई-म्हशी बघतो. बावीस वर्षं ही फिरती शंभर सीसीवर चालली आहे. मधली चार वर्षं दारात मोठी गाडीही होती. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून सांगतो.

आधी उत्तर देतो, म्हणजे ताटकळायला नको. साताऱ्यात राहत असाल आणि खरोखर एकच घ्यायची असेल, तर हलकी घ्या.

टूरिंग गाडी कशासाठी बनवतात ते बघा. हायवेवर तासन्‌तास ऐंशी-नव्वदच्या वेगात, सामान बांधून, मागे माणूस बसवून, अंग न आंबता जाता यावं यासाठी. पुण्याच्या पोराला कासचं पठार बघायचं तर आधी शंभरावर किलोमीटर हायवे तुडवावा लागतो. त्याला ती गाडी हवीच. आपलं तसं नाही. समर्थ मंदिर सोडलं की पाच-दहा मिनिटांत यवतेश्वरचा घाट सुरू होतो, आणि २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं ते पठार आपल्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. बोगद्यातून डावीकडे निघालात तर सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी. लोक ज्यासाठी मोठी गाडी घेऊन साताऱ्याला येतात, ते सगळं आपल्या मागच्या दारी आहे. आणि त्या रस्त्यांवर चाळीस-पन्नासच्या वर जायला जागाच नाही. वळणावर शेळ्या असतात, उसाची ट्रॉली असते, पावसाळ्यात वरून आलेली खडी असते.

आता वजनाचं. शंभर सीसीतली स्प्लेंडर ९७.२ सीसीची, साधारण ११२ किलो. टूरिंगमधली नवी हिमालयन ४५२ सीसीची, १९६ किलो. मधला फरक एका भरभक्कम माणसाएवढा. गाडी पळत असताना हा माणूस जाणवत नाही, उलट त्याच्यामुळे गाडी रस्त्याला धरून राहते. तो जाणवतो गाडी थांबल्यावर. उतारावर वळवताना, चिखलातून मागे घेताना, वाड्याच्या बोळात लावताना. त्यात मोठ्या गाडीची टाकी मोठी आणि उंचावर. सतरा लिटर पेट्रोल म्हणजे बारा-तेरा किलो, तेही तुमच्या छातीसमोर. गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली की ती तुमची राहत नाही.

हे मला एका जुलैच्या रात्री कळलं. शंभर सीसी मेस्त्रीकडे होती. अकराच्या सुमारास फोन आला, "डॉक्टर, म्हैस अडलीय, लवकर या." मी मोठी गाडी काढली. परळीच्या पुढे एका वस्तीवर जायचं होतं. डांबर संपल्यावर कच्च्या रस्त्याचा तीव्र चढ, एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला भातखाचर. वर पोचायच्या आधी ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं दिसलं, म्हणून गाडी वळवून अलीकडे लावावी म्हटलं. उजवा पाय टेकला तिथे जमीन नव्हतीच, नुसता रबरबीत चिखल. गाडी सावकाश उताराच्या बाजूला गेली. आपटली नाही, पडलीसुद्धा म्हणवत नाही, निवांत झोपली. हँडल खाली, चाकं वर. उताराकडे झोपलेली दोनशे किलोची गाडी एकट्याने उचलत नाही. मी तीनदा प्रयत्न केला. पेट्रोलचा वास यायला लागला, हातातली बॅटरी मिणमिणत होती. शेवटी वस्तीवरून मालक आणि त्याचा मुलगा धावत खाली आले, त्यांच्या आईने इरल्याखाली कंदील धरला, आणि तिघांनी मिळून गाडी उभी केली. वीस मिनिटं गेली. रेडकू जिवंत निघालं, म्हैसही उठली. पण ती वीस मिनिटं मला आजही टोचतात. शंभर सीसी असती तर मी ती जागच्या जागी उचलून फिरवली असती. बावीस वर्षांत ती किती वेळा पडली याची गणती नाही, आणि दर वेळी मीच एकट्याने उचलली आहे.

तरीही मोठ्या गाडीची बाजू मी मनापासून मांडणार, कारण ती मी हौसेपोटी घेतली नव्हती. एकदा आम्ही दोघं शंभर सीसीवर पुण्याहून परत येत होतो. खंबाटकी चढताना गाडी तिसऱ्या गिअरवरही दम टाकत होती. मागून एक कंटेनर आला. तो शेजारून जाताना आधी हवेने आम्हाला बाहेर ढकललं, आणि पुढे गेल्यावर तीच हवा आत ओढायला लागली. बायकोने माझ्या कमरेला धरलेला हात असा आवळला की घरी आल्यावर तिथे वळ होता. ती काही बोलली नाही. मीच ठरवलं की हिला घेऊन या गाडीवर हायवेला यायचं नाही.

यात गाडीचा दोष नाही, हवेचं गणितच तसं आहे. साठचे नव्वद केलेत की वेग दीडपट होतो, पण नुसती हवा कापायला लागणारी ताकद तिपटीहून जास्त होते. आठ हॉर्सपॉवरचं इंजिन दोन माणसं आणि पिशव्या घेऊन साठला खुशीत चालतं. त्यापुढे ते सगळं देऊन बसतं, ओव्हरटेक करायला हातात काही उरत नाही. चाळीस हॉर्सपॉवरच्या गाडीत ती शिल्लक असते, आणि हायवेवर ती शिल्लकच तुम्हाला सुखरूप ठेवते. ब्रेकचंही तेच. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, त्याखालच्यांना सीबीएसवर चालवून घेतलं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक होण्यापासून ते तुम्हाला वाचवत नाही. म्हणून ठोसेघर उतरताना मी दुसऱ्या गिअरवर असतो आणि ब्रेक नुसता शिवतो.

त्या चार वर्षांत आम्ही मोठ्या गाडीवर कोल्हापूर केलं, गोकर्ण केलं. संध्याकाळी उतरल्यावर बायको म्हणायची, आज पाठ दुखली नाही. हे सुख खरं होतं, ते मी नाकारणार नाही. पण मीटरने मला खरं ते सांगितलं. चार वर्षांत मोठी गाडी अकरा हजार किलोमीटर चालली, शंभर सीसी ऐंशी हजार. मोठी विकताना रडू आलं नाही, कारण ती भाच्याकडे गेली. तो पुण्यात असतो, दर पंधरा दिवसांनी सातारला येतो, आणि तिचा खरा उपयोग आता होतोय.

खर्चाचं थोडक्यात. माझ्या शंभर सीसीला साठचं अॅव्हरेज मिळतं, मोठीला तीसच्या आसपास मिळायचं. महिन्याला पंधराशे किलोमीटर फिरती धरा, पेट्रोलच पंचवीस लिटर जास्त. एक गोष्ट फार जण लक्षात घेत नाहीत. लांब पल्ल्याची म्हणून विकली जाणारी गाडी एका टाकीत हलक्या गाडीपेक्षा जास्त जाते असं नाही. ९.८ लिटरची टाकी साठच्या अॅव्हरेजने पावणेसहाशे किलोमीटर नेते, सतरा लिटरची तीसने पाचशेच. थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, ३५० च्या वर २,८०४. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यावर ४०. म्हणजे ती ३५० ची रेघ ओलांडायची असेल तर डोळे उघडे ठेवून ओलांडा.

मग मोठी कुणी घ्यावी? माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाची बायको पुण्यात नोकरीला आहे, तो दर शनिवारी जातो आणि रविवारी रात्री येतो. त्याला मी स्वतः सोबत जाऊन मोठी घ्यायला लावली. रोज कराडला जाणाऱ्याला दीडशे-एकशे साठ सीसीची मधली गाडी पुरे.

टेस्ट राईडला गेलात तर हायवेवर नेऊ नका, तिथे मोठी गाडी सगळ्यांनाच आवडते. उतारावर इंजिन बंद करा, मित्राला मागे बसवा आणि गाडी पायाने मागे ढकलून बघा. मग अरुंद रस्त्यावर पाय न टेकता वळवा. ज्याला हे दोन्ही घाम न येता जमतं त्याने पुढचा विचार करावा.

"मग लांबचं फिरणंच सोडायचं का, डॉक्टर?" हे लगेच येतंच. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं शंभर सीसीवर चिपळूणला गेलो. हायवेला लागलोच नाही. ठोसेघर, चाळकेवाडी करत पाटणला उतरलो. पवनचक्क्यांपाशी आडवा वारा हलक्या गाडीला ढकलतो, तिथे तीसवर आलो. दर पाऊण तासाला थांबलो. कोयनानगरला जेवलो. कुंभार्ली उतरताना एका वळणाशी बायको मागून म्हणाली, "अहो, थांबा ना, मागे काहीतरी सुंदर दिसलं." रस्ता अरुंद, कडेला हातभर साईडपट्टी. मी एक पाय टेकला, गाडी जागेवर फिरवली, आणि आम्ही पन्नास पावलं परत वर गेलो.