उजेड घटला म्हणजे रिसेप्टर गेला का?

सोमवार, रात्र

आज डोक्यात एकच आकडा घोळतोय: 4.8 टक्के. चेता (मज्जातंतू) स्नायूला भिडते ती चेता-स्नायू संधी, आणि तिथे चेतेचा रासायनिक संदेश झेलणारी प्रथिनं म्हणजे अॅसिटिलकोलिन रिसेप्टर. त्यांना चमकती खूण लावून उजेड किती घटतो त्यावरून झीज मोजायची. उंदरात या रिसेप्टरचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे नाहीसे व्हायला लागणारा काळ, साधारण 14 दिवस. म्हणजे रोजची घट जेमतेम 4.8 टक्के. सूक्ष्मदर्शकाचा दिवा काल-आजमध्ये पाच टक्क्यांनी मंदावला तर पूर्ण एका दिवसाची झीज फुकटात 'दिसते'. म्हणून दर खेपेला संधीच्या आधी तोच न विटणारा फ्लुओरेसंट (प्रकाश पडला की चमकणारा) तुकडा टिपायचा, संधीच्या उजेडाला त्याच्या उजेडानं भागायचं, शेजारच्या रिकाम्या स्नायूची पार्श्वभूमी वजा करायची. 12 बिटच्या कॅमेऱ्यात एकही बिंदू 4095 ला, म्हणजे कॅमेऱ्याच्या कमाल आकड्याला, टेकता कामा नये. टेकला की घट लपते.

रिसेप्टरला खूण म्हणून चमकता रंग जोडून लावतात ते अल्फा-बंगारोटॉक्सिन, आपल्या मण्यारीच्या तैवानमधल्या भाऊबंदाचं विष. 1963 साली चँग आणि ली यांनी ते वेगळं केलं. एका रिसेप्टरवर त्याच्या दोन जागा, आणि बसलं की जवळपास सुटतच नाही. हाच गुण, हीच गोची. चित्र ठळक यावं म्हणून भरपूर विष ओतलं तर संदेशच थांबतो. चेताशास्त्रज्ञ लिचमन यांच्या गटानं 1999 मध्ये दाखवलं, की संदेश अडवल्यावर दोन तासांतच अर्धायुष्य एका दिवसाच्या आत येतं, झीज 25 पट वाढते. मोजायला गेलो झीज, आणि मोजण्यानंच ती वाढवली! तेव्हा मात्रा थोडीच. खूण लावल्यावर चेतेला हलका झटका देऊन स्नायू आकसतो ना, ते आधी बघायचं.

खरी मेख संधीभोवती रेघ कुठे मारायची यात आहे. अडवलेल्या संधीवरून निघालेले रिसेप्टर लगेच पेशीत गिळले जात नाहीत. ते सरकत कडेच्या पटलावर येतात, तिथे तासन् तास रेंगाळतात, संदेश पुन्हा सुरू झाला तर परतही जमतात. रेघ सैल मारली तर हे सगळे 'जागेवरच' धरले जातात, घट्ट मारली तर 'गेले'. दोन्ही आकडे चूक. निदान मला तरी दोन रेघा माराव्यात असंच वाटतं: एक संधीच्या काठाला लागून, दुसरी थोडी बाहेरून. मधल्या पट्ट्याचा हिशोब वेगळा.

आणि पेशीत जाऊन परत आलेले? विष अंगावर तसंच, त्यामुळे ते कधी हललेच नाहीत असं दिसतं. त्यांच्यासाठी विषाला बायोटिन (एक छोटं जीवनसत्त्व) जोडून त्यावर रंगीत स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोटिनला घट्ट चिकटणारं प्रथिन) चढवतात. आत गेल्यावर स्ट्रेप्टॅव्हिडिन सुटतं, बायोटिन राहतं. काही दिवसांनी दुसऱ्या रंगाचं स्ट्रेप्टॅव्हिडिन दिलं की परतलेले उठून दिसतात. मात्र पहिल्या रंगानं सगळी बायोटिनं भरली होती का, हे त्याच दिवशी दुसरा रंग देऊन एका वेगळ्या उंदरात तपासावं लागतं. तिथे काहीही चमकलं तर पुढचं मोजमाप बाद.