कणकुंबीच्या रानात रक्ताचा माग

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो. माउलीचं देऊळ, मलप्रभेचा उगम, गरम भजी, सगळं सकाळीच उरकलं. चोर्ल्याच्या घाटाकडे हॉर्न बडवत पळणाऱ्या गाड्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. लिहावंसं वाटतंय ते गावामागच्या रानातल्या दोन फर्लांगांबद्दल.

वाटाड्या मामांना कारवीच्या पानावर रक्त दिसलं. शेजारच्या ओल्या मातीत सांबराचे खूर उमटलेले. आमच्यातले चौघे मोबाईल सरसावून थेट त्यावरूनच निघाले. "मागावर पाय दिऊ नकोसा! बाजूनं चला की!" मामा ओरडले, पण तोवर दोन ठसे तुडवून झाले होते. अशी मंडळी रानात न्यावीच कशाला, असं मला अजूनही वाटतं.

माग हातभर बाजूने काढायचा. शेवटच्या थेंबापाशी काठी रोवायची आणि पुढचा सापडेपर्यंत ती हलवायची नाही. चालत्या जनावराच्या थेंबाला एका कडेने दाते फुटतात. ज्या बाजूला दाते, त्या बाजूला जनावर गेलं. थेंब गोल आणि एकाच जागी साचलेले असले तर ते तिथे थबकलं. कुंभ्याच्या पिकल्या पानावर लाल ठिपके असतात, नवखा तिथेच फसतो. ओलं बोट फिरवायचं: रक्त बोटाला लागतं, पानाचा डाग लागत नाही.

मग रंग. जखम कुठे आहे ते त्यावरून कळतं. फिकट लाल आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. गडद, काळपट असेल तर बहुधा यकृत. पातळ, आंबूस वासाचं, चघळलेल्या पाल्याचे कण असलेलं असेल तर पोट. हे सगळं शिकारीतून आलेलं ज्ञान. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यानंतर आपल्याकडे कायद्याने शिकार बंद झाली, पण जर्मनीसारख्या देशात ती कायदेशीर आहे आणि गोळी लागलेलं हरीण शोधायला तिथे हॅनोव्हर जातीचे कुत्रे लांब दोरीवर धरून नेतात. तिथलेही शिकारी गोळी झाडल्या झाडल्या धावत नाहीत. फुप्फुसाला लागली असेल तर अर्धा तास, यकृताला असेल तर तीन-चार तास, पोटाला असेल तर आठ-दहा तास थांबतात. पाठलाग जाणवला नाही तर जखमी जनावर जवळच बसतं. लगेच उठवलं तर मैलोन्‌मैल जातं आणि रक्तही आटतं. शेवटी सापडलं की पाठीकडून जायचं, लांब काठीने डोळ्याला हलकेच स्पर्श करायचा. पापणी हलली तर ते जिवंत आहे.

इथे गोळीचा प्रश्न नव्हता. रक्त मागाच्या एकाच बाजूच्या पानांवर, गुडघ्याच्याही खाली. चार खुरांपैकी एक नीट टेकत नव्हता. त्याच्या जागी मातीत ओढल्याची रेघ होती. "फासा हाय. तार पायात घिऊनच गेलंय," मामा म्हणाले. रानडुकरासाठी लावलेल्या तारेत सांबर अडकतं, हिसडा देतं, तार तुटते आणि पायात रुतत जाते.

ओढ्यापाशी माग तुटला. मामांनी शेवटच्या काठीभोवती आधी छोटा, मग मोठा फेरा घातला आणि पलीकडच्या काठावर ती रेघ पुन्हा सापडली, भीमगड अभयारण्याच्या दिशेने गेलेली. तिथून पुढे आपण जायचं नाही. मामांनी वनरक्षकाला फोनवर एवढंच सांगितलं: शेवटचं रक्त कुठे, ओलं की सुकलेलं, मागचा उजवा पाय, आणि तोंड कुठल्या दिशेला.