पहाटे साडेतीनचा गजर

"दर २५ एप्रिलला एवढ्या पहाटे तुम्ही तिथे कशाला जाता हो? आपला काय संबंध?"

मेलबर्नला येऊन मला एकोणीस वर्षं झाली, आणि त्यातली निदान बारा वर्षं हा प्रश्न मी ऐकतेय. मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला, भाजीच्या दुकानात. सासूबाई फोनवर तोच प्रश्न त्यांच्या पद्धतीने विचारतात, "अगं, सुट्टीच्या दिवशी तरी झोप की जरा!" आजवर मी हसून वेळ मारून नेली. परवा एका काकांनी फारच आस्थेने विचारलं, म्हणून आता नीट सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिल्या महायुद्धात, २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. या दोन देशांच्या संयुक्त सैन्याचं नाव अ‍ॅन्झॅक, म्हणून हा अ‍ॅन्झॅक डे. ठरल्या जागेच्या दीडेक किलोमीटर उत्तरेला, उभ्या कड्यांच्या पायथ्याशी होड्या लागल्या. वर तुर्क. आठ महिने दोन्ही बाजू एकमेकींसमोर खंदकांत बसून राहिल्या, आणि डिसेंबरात यांनी गुपचूप माघार घेतली. तोवर आठ हजारांवर ऑस्ट्रेलियन आणि सुमारे २,८०० न्यूझीलंडर मेले होते. तुर्कांचे तर ८० हजारांच्या वर गेले, आणि ते बिचारे स्वतःच्याच देशात होते.

म्हणजे ही हरलेली लढाई. इथल्या लोकांचा सगळ्यात मोठा दिवस विजयाचा नाहीच! पहिल्या वर्षी हे मला कळलं तेव्हा मी चमकले, आणि मग लगेच वाटलं, यात चमकण्यासारखं काय आहे? आपण नाही का पराभव जिभेवर घेऊन फिरत? कुणाचा धंदा बुडाला की "पानिपत झालं", आणि विश्वास ठेवायचा नसला की तो पानिपतात गेला. १७६१ ची जखम आपण वाक्प्रचारांत मुरवून ठेवली आहे. यांनी ती पहाटेच्या थंडीत ठेवली, एवढाच फरक.

एवढाच नाही, हे पुढे लक्षात आलं. पण आधी ती पहाट.

साडेतीनचा गजर. एप्रिल म्हणजे इथे हिवाळ्याची चाहूल. ट्रॅममध्ये सगळे गप्प असतात, पहाटेच्या काकड आरतीला निघाल्यासारखे. 'श्राइन'च्या समोर, म्हणजे इथल्या मोठ्या स्मारकापुढे, काळोखात हजारो माणसं उभी. साडेपाचला सुरुवात. भाषणं थोडकी. बिगुलावर 'लास्ट पोस्ट', मग एक मिनिट शांतता. त्या मिनिटात ऐकू येतं ते फक्त खोकणं, आणि कुठल्यातरी बाबागाडीतलं मूल. तोवर पूर्व जेमतेम फटफटू लागलेली असते. कोटाला रोझमेरीची काडी टाचायची रीत आहे; गॅलिपोलीच्या टेकड्यांवर ती रानात उगवते म्हणून. घरी येईपर्यंत बोटांना तिचा वास राहतो, आपल्या मरव्याच्या जवळचा.

आमच्या शेजारचे आजोबा पहिल्यांदा मला घेऊन गेले. त्यांच्या कोटाच्या उजव्या बाजूला तीन पदकं होती. मी म्हटलं, तुम्ही कुठल्या लढाईत होता? ते म्हणाले, मी कुठला, ही वडिलांची. स्वतःची पदकं डाव्या बाजूला लावतात, घरातल्या गेलेल्या माणसाची उजव्या. तेव्हापासून मी गर्दीत आधी लोकांचे कोट बघते. आता बहुतेक पदकं उजवीकडेच असतात, बऱ्याचदा शाळकरी पोरांच्या स्वेटरवर.

मला या दिवसातलं सगळंच आवडतं असं नाही. दुपारी पबमध्ये नाणी उडवून जुगार चालतो, त्या दिवशी तो कायदेशीर. काही पोरं झेंडा पांघरून, बिअर पिऊन फिरतात. आणि दुसऱ्याच्या देशात लढायला आपण मुळात गेलोच कशाला होतो, हा प्रश्न पहाटेच्या भाषणात मी तरी अजून ऐकलेला नाही. बिस्किटं मात्र मी करते. अ‍ॅन्झॅक बिस्किटात ओट्स, खोबरं आणि गोल्डन सिरप असतं, अंडं नसतं. मी सिरपऐवजी काकवी घालते. आजोबांनी पहिल्या वर्षी एक खाल्लं, दुसरं उचललं आणि म्हणाले, "चुकीचं आहे, पण चालेल."

आता मूळ प्रश्न. आपला काय संबंध?

सरळ उत्तर असं की त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर हिंदुस्थानी लोकही उतरले. सकाळी उशिरा पहिल्या तोफा किनाऱ्यावर आल्या त्या हिंदी डोंगरी तोफखान्याच्या, सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादलेल्या. जखमींना गाढवावरून आणणारा सिम्पसन इथल्या शाळेच्या भिंतीवर असतो. तो राहायचा या खेचरवाल्यांच्याच तळावर, आणि ते त्याला 'बहादूर' म्हणत. पण ते पंजाबचे शीख आणि मुसलमान होते. मराठ्यांची पलटण गॅलिपोलीला नव्हती. हे कबूल केलं की काका विजयी मुद्रेने म्हणतात, "मग?"

मग इराकमधलं बसरा. ६ नोव्हेंबर १९१४ ला, गॅलिपोलीच्या जवळजवळ सहा महिने आधी, इराकच्या टोकाला फाव इथे एक फौज जहाजांतून उतरली. तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन. पहिल्या उतरलेल्यांत ११७ वी मराठा पलटण होती. हीच डिव्हिजन तैग्रिसच्या काठाने बगदादच्या दाराशी पोचली, मागे रेटली गेली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत गावात अडकली. १०३, ११० आणि ११७, अशा तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. घोडे कापून खायची वेळ आली. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री 'जुलनार' नावाची बोट धान्य घेऊन वेढा फोडायला निघाली आणि वाटेतच तुर्कांच्या हाती लागली. दुसरा दिवस २५ एप्रिल, जगातला पहिला अ‍ॅन्झॅक डे. इकडे मिरवणुका निघत होत्या, आणि तिकडे आमची माणसं, जिचा धूर दिसावा म्हणून डोळे लावून बसली होती ती बोट येणार नाही हे समजून घेत होती. चार दिवसांनी कूत पडलं. सुमारे १३ हजार कैदी झाले, आणि त्यातले कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत संपले.

आता यांच्यातला आणि आपल्यातला तो दुसरा फरक सांगते. श्राइनमध्ये काचेखाली हाताने लिहिलेल्या वह्या आहेत, व्हिक्टोरिया राज्यातून परदेशी लढायला गेलेल्यांच्या नावांच्या. ८९ हजारांवर नावं, आणि त्यात मेलेलेच नाहीत, परत आलेलेही आहेत. कॅनबेराच्या युद्धस्मारकाच्या भिंतीवर मेलेल्यांची नावं आहेत, तिथे हुद्दा लिहीतच नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र ब्रिटिशांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि साध्या शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा दिला. पानिपतचा तो सांकेतिक निरोप आठवतो ना? दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. बसऱ्याला निदान गणती झाली. खुर्दा तो खुर्दाच राहिला.

साताऱ्याकडे माझ्या आजोळी चावडीच्या भिंतीत तसाच एक दगड आहे, आपल्याकडे पुष्कळ गावांत असतो. या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके मेले. वर इंग्रजी अक्षरं, नाव एकही नाही. लहानपणी त्यावर पाय टेकवून आम्ही पेरूच्या झाडावर चढायचो. दोन वर्षांपूर्वी मी मामाला त्याचा फोटो पाठवायला सांगितलं. कुणीतरी चावडीला रंग देताना दगडालाही हात मारला होता. मामाने ओल्या फडक्याने घासलं. मेलेल्यांचा आकडा चार आहे की नऊ, फोटोत कळेना.

"नावं विचार ना गावात कुणाला," मी म्हटलं.

मामा आठवडाभर फिरला. वरच्या आळीतल्या एका घरात त्याला सांगितलं की हो, आमच्यातला एक बसऱ्याला गेला तो आलाच नाही. त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोचंही नाही. ती पुढे साठ वर्षं जगली, पंचक्रोशीबाहेर कधी गेली नाही, आणि सगळा गाव तिला 'बसरेवाली' म्हणायचा.