ठासणी, केप आणि अमेरिकेतला भाचा

निवडणूक झाली की आमच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात गंजलेल्या बंदुका येतात. आचारसंहितेत त्या ठाण्यात जमा होतात आणि तिथल्या दमट खोलीत एकीला एक टेकून पडून राहतात. देण्याआधी लोक मायेपोटी नळीत तेल ओततात. बंदूक उभी ठेवली की ते सगळं खाली उतरतं, नेमकं जिथं ठिणगी पोचायला हवी तिथं. हे मी परवानाधारकांना सांगून थकलोय. पिस्तूलवाल्यांना तर ऐकायचंच नसतं, त्यांना लग्नाच्या फोटोआधी पॉलिश हवं असतं. शेतीरक्षणाची ठासणी, म्हणजे तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची बंदूक, बाळगणारा निदान ती खरंच वापरतो.

तसेच एक आबा राधानगरीकडून आले होते. २०२४ च्या लोकसभेला जमा केलेली त्यांची बंदूक जूनमध्ये परत मिळाली आणि ऐन पावसात उसात डुकरं शिरल्यावर वाजलीच नाही. "केप नुसता फट्ट करतोय मिस्त्री, बार काय निघंना." केप म्हणजे घोडा आपटला की पेटणारी छोटी टोपी; ती निप्पल नावाच्या पोकळ खुंटीवर बसते आणि तिचा जाळ त्यातून आत दारूला लागतो. आबांबरोबर भाचा होता, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नोकरीला, सुट्टीवर आलेला. बंदूक पोत्यात गुंडाळून त्याच्याच गाडीतून आणलेली.

ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी हे वरून कळत नाही. म्हणून आल्या आल्या पहिलं काम गजाचं. गज नळीत सोडून तोंडाशी खडूची खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीलगत धरायचा. खूण तोंडाशी ठेवली की गजाचं टोक निप्पलपाशी यायला हवं. ते चार बोटं अलीकडंच राहिलं. म्हणजे आत माल होता.

"आबा, ही भरलेली हाय."

"मग? वाजलीच न्हाई, तर रिकामी कशी हुईल?"

भाचा पांढरा पडला. वाटेत चहाला थांबले तेव्हा त्यानं कुतूहलानं नळीत डोळा घालून पाहिलं होतं म्हणे.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. तोंडातून पाणी सोडलं, दारू पूर्ण भिजू दिली, मग गजाच्या टोकाला पेच लावून आधी चिंधी, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी असं काढत गेलो. ह्या कामात घाई केलेली मला खपत नाही. तळाशी दारू नव्हतीच, काळा लगदा होता. बोटावर घेतला तर तेलाचा वास. निप्पल काढलं तर त्याच्या मागची वाट चिकट काजळीनं बुजलेली. केप पेटत होता, जाळ आत जात नव्हता. तारेनं वाट मोकळी केली, सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली, वाळवली. मग रिकाम्या बंदुकीवर केप बसवून तोंडापुढं कागदाचा कपटा ठेवला आणि घोडा पाडला. कपटा उडाला. ह्याहून साधी आणि खात्रीची परीक्षा मला ठाऊक नाही.

इथंच काम संपायचं, पण भाच्यानं मोबाईल पुढं केला. "काका, हे निप्पलच काढून टाका ना. तिकडं ह्याच्या जागी बसणारा तुकडा मिळतो, त्यात २०९ नंबरचा प्रायमर घालायचा. पाऊस असो काही असो, बार होणारच."

म्हणणं खोटं नव्हतं. २०९ म्हणजे काडतुसातला प्रायमर. त्याचा जाळ केपाच्या कितीतरी पट, आणि तो झाकलेला राहतो. पण तो शोभतो तो नळीच्या थेट मागं, त्याच्यासाठीच घडवलेल्या नव्या बंदुकीत. आबांची नळी कुणी, कुठल्या लोखंडाची केली ह्याचा पत्ता नाही, निप्पलचे आटे झिजलेले. तिथून तुकडा मागं सुटला तर तो नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडंच येणार. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानं हत्यारात बदल करायला परवाना लागतो आणि माझा दुरुस्तीचा आहे. मी सरळ नाही म्हणालो.

मग त्यानं स्वतःचं विचारलं. त्याला तिकडं हरणाच्या शिकारीला ठासणीची रायफल घ्यायची होती. केप, चकमक की २०९? मी विचारलं, कुठल्या हंगामात जाणार? तर नाताळनंतर. त्यांच्या राज्यात त्या हंगामात चकमकीचीच लागते, असं तोच म्हणाला. मग निवड कसली! पण मला बोलायला विषय मिळाला. इथं चकमकीच्या बंदुका भिंतीवरच लटकतात, तरी घरातल्या जुन्या माणसांनी मला त्या लावायला शिकवलंय. गार, म्हणजे चकमकीचा दगड, चामड्यात धरायची, धार पोलादी पातीवर सपाट घासली पाहिजे. रंजक, म्हणजे बाहेर ठेवायची पेटवणीची दारू, बारीक, आणि थोडं. नळीचा कान, म्हणजे जाळ आत जायचं भोक, बुजेपर्यंत भरलं तर ते वातीसारखं जळत आत जातं आणि बार रेंगाळतो. दारू खरी काळीच हवी, बदली दारूला पेटायला जास्त आच लागते. असं सगळं जमलं तर चकमक आणि केप ह्यांतला फरक कानाला जेमतेम कळतो. चकमकीचा खरा दोष रंजकाचा भडका. स्कॉटलंडातल्या फोर्सिथ नावाच्या पाद्र्यानं १८०७ मध्ये पेटंट घेतलं ते त्यापायीच. भडका दिसला की पाखरं छर्रे पोचण्याआधी उडायची.

आबा ऐकत होते. मधेच म्हणाले, "म्हंजे तिकडं हे हौसंनं घेत्यात व्हय? मला तर परवान्यावर हीच लिवून दिलीया म्हणून हाय."

भाचा हसला. मला काही सुचलं नाही.

जाताना आबांनी हळूच विचारलं, "ह्या निप्पलचं आटं कुठल्या मापाचं?" मी म्हटलं, झिजलेत, माप लागत नाही. "असू दे. उद्यमनगरात साडूच्या पोराचं लेथ हाय." उद्यमनगरचा लेथवाला काय करून देणार नाही! भोक वाढवून, नवे आटे पाडून तासाभरात हातात देईल. बंदूक फुटली तर ती कुठल्या लोखंडाची होती हे विचारायला कुणी जाणार नाही. मी त्यांना केपांची डबी दिली, तेल ओतू नका म्हणालो, आणि आट्याची गोष्ट डोक्यातून काढा असं जरा चढ्या आवाजातच सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की निरोपाची, कळलं नाही.

परवा भाच्याचा फोन आला. रायफल घेतली, गार चामड्याऐवजी शिशाच्या पत्र्यात धरली तर चालेल का म्हणून. मी चामडंच सांगितलं आणि मामांची बंदूक कशी आहे विचारलं. "झकास वाजते म्हणाला मामा."

केपानं की त्या २०९ नं, हे त्यानं मामांना विचारलं नव्हतं. मी आबांचा नंबर लावून पाहिला, रेंजच्या बाहेर. राधानगरीच्या बाजाराला जाणाऱ्या एकाला निरोप दिलाय, बंदूक घेऊन या म्हणून.