खांब ओलांडणारी गाडी

गणितातल्या गाडीला नाव नसतं. ती नुसती 'एक गाडी'. 180 मीटर लांब, ताशी 54 किलोमीटर वेगाने निघालेली. कुठून आली, कुठे चालली, पत्ता नाही. वाटेतला खांब ओलांडायला तिला किती सेकंद लागतील, एवढंच सांगायचं.

पोरं अडतात ती भागाकारावर नव्हे. पाच-अठरांशाने गुणायचं हे पाठ असतं. ताशी 54 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 15 मीटर. पण खांबाला तर रुंदीच नाही, मग अंतर कुठलं धरायचं? गाडीचीच लांबी. इंजिन खांबाशी आलं की घड्याळ सुरू, शेवटचा डबा सुटला की बंद. 12 सेकंद. खांबाऐवजी फलाट असेल तर त्याचीही लांबी मिळवायची. हे उमगल्यावर भाचीने विचारलं, "मामा, म्हणजे गाडी स्वतःलाच ओलांडते का?" मी पुस्तक मिटलं. याहून नीट मला समजावता आलं नसतं.

भरतीच्या पुस्तकांतला चोर मला फार आवडतो. तो 200 मीटर पुढे असतो, ताशी 8 किलोमीटरने पळतो; मागे पोलीस ताशी 10 ने. वेगातला फरक 2, म्हणून 6 मिनिटांत चोर हाती. तेवढ्यात बिचारा 800 मीटर धावतो, ना गल्लीत वळतो ना कुणाच्या दुचाकीवर बसतो. पोलिसाचा वेग नेहमीच जास्त. नाहीतर उत्तर येणार कुठून?

भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती'त असाच एक पाठलाग घातला. 9 हात उंच खांबावर मोर, बुडाशी सापाचं बीळ, आणि 27 हातांवरून बिळाकडे निघालेला साप. मोर तिरकी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? वेग सारखा म्हटल्याबरोबर वेळ हिशेबातून बाद होते आणि उरतो काटकोन त्रिकोण. 12 हातांवर, तोवर दोघेही 15 हात आलेले. मोर सापाच्या मागे धावत नाही, थेट गाठीच्याच जागी उतरतो. म्हणजे उत्तर त्याला झेपेआधीच ठाऊक!

खरी गाडी इतकी शहाणी नसते. मुंबई-पुणे लोहमार्ग 192 किलोमीटरचा. डेक्कन क्वीनला तो कापायला साधारण सव्वातीन तास लागतात, म्हणजे सरासरी ताशी 59 च्या आसपास. पण कुठल्याही घटकेला ती नेमकी 59 नेच धावत असेल असं नाही. पुण्याकडे जाताना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, कारण पुढे बोरघाटात 37 मीटरला 1 मीटर असा चढ आहे. तिथे गाडी रेंगाळते.

आणि रेंगाळण्याचा हिशेब फार कडक असतो. जाताना ताशी 40, येताना 60, तर सरासरी 50 नाही, 48. संथ वेगात जास्त वेळ जातो, म्हणून पारडं त्याच बाजूला झुकतं. त्याहून वाईट म्हणजे, अर्धं अंतर ताशी 30 ने गेलात तर उरलेलं विमानाने गेलात तरी सरासरी 60 भरत नाही. तेवढा वेळ पहिल्या अर्ध्यातच संपलेला असतो. हे मी गाडी चालवणाऱ्या मित्रांना कागदावर मांडून दाखवलं आहे. घाटातल्या कोंडीत तासभर उभे राहूनही ते म्हणतात, "लोणावळ्याच्या पुढे भरून काढू रे!"